वाटेत दिसलेलं फळ कुठलं, खाऊ का नको? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एप्रिल लागला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर फोटो पडायला सुरू होतात. कोण गगनबावड्यात थांबलेलं असतं, कोण दाजीपूरच्या वाटंवर, कोण आजऱ्यावरनं आंबोलीला निघालेलं. फोटो काय, तर तळहातावर एक लाल गोळी, मागं गाडीचं स्टेअरिंग आणि खाली एकच ओळ, "भावा हे काय हाय, खाऊ का?" मी काय बॉटनीचा प्रोफेसर नाही, कोल्हापुरात शुक्रवार पेठेत दुकान आहे आणि रविवार डोंगरात जातो एवढंच, पण लहानपण आजोळी जाळीत गेलंय त्यामुळं चार झाडं ओळखतो. तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय, आता लिंक फेकली की मी मोकळा.

नुसत्या फळाच्या फोटोवरनं नाव सांगता येतं का?

नाही. आणि हे सांगून सांगून मी दमलोय. लाल गोल फळं आपल्या भागात डझनावारी आहेत, फळ हे झाडाचं सगळ्यात फसवं अंग. पान बघा, पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं आहेत का एकाआड एक आहेत ते बघा, काटा आहे का, असला तर सरळ का वाकडा, देठ मोडल्यावर चीक येतो का, पान उलटं केलं की मागनं कसं दिसतं. आंबगुळ पानाच्या मागच्या बाजूवरनंच सापडतं, चंदेरी वर्ख लावल्यासारखं असतं आणि तसलेच बारीक ठिपके लाल फळावर पण असतात. हे ज्यानं बघितलं त्याला परत कुणाला विचारावं लागत नाही.

आणखी एक, खाली पडलेलं फळ वरच्याच झाडाचं असेल असं धरून चालू नका. झाडावर वेल चढलेला असतो आणि फळ वेलाचं असतं. आमच्यातल्या एकानं जांभळीखालनं लालभडक गोळा उचलून आणला, म्हणे "नवीन जातीचं जांभूळ". ते कवंडळ होतं. दिसायला सोन्यासारखं, आत कडूजहर आणि पोट धुऊन काढणारं.

मग फोटो कसा काढायचा?

चार-पाच काढा, एकात भागवू नका. आख्खं झाड लांबनं, म्हणजे झुडूप आहे का वेल का मोठा वृक्ष ते कळतं. मग एक फांदी, त्यात पानं कशी लागलीत ते दिसलं पाहिजे. पानाची वरची बाजू, मागची बाजू. फळ देठासकट, शेजारी पाच रुपयाचं नाणं ठेवून, नाहीतर फोटोत बोराएवढं फळ लिंबाएवढं दिसतंय आणि आम्ही इकडं भलतीच नावं सुचवत बसतोय. फळ चाकूनं कापून आतल्या बिया. फूल असलं तर सोन्याहून पिवळं. आणि गाव लिहा, महिना लिहा, दोन महिन्यांनी जुना फोटो टाकून "हे काय?" विचारू नका. चीक बघताना देठ तोंडापासनं लांब धरून मोडा, त्याच हातानं डोळा चोळला तर दिवस वाया जातो, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याच्या डॉक्टरकडंच पळावं लागतं.

करवंद नक्की ओळखायचं कसं?

हे कोल्हापूरच्या माणसानं विचारावं म्हणजे कमाल आहे, पण आता नवी पोरं करवंद बाजारात द्रोणातच बघतात त्यामुळं विचारतात, ठीक आहे.

करवंदीची जाळी असते, एक सुटं झाड क्वचित. पानं समोरासमोर, जाडसर, चकचकीत. काटे जोडीनं, लांब, आणि शर्ट धरला की सोडत नाहीत. फूल पांढरं, पाच पाकळ्या, वास जुईच्या जवळचा. फळ आधी हिरवं, मग एका बाजूनं लालसर जांभळं होत शेवटी काळं, म्हणून तर डोंगरची काळी मैना म्हणत्यात. देठ तोडला की पांढरा चीक, हा चीक असायलाच पाहिजे.

गगनबावड्याच्या स्टँडजवळ एक मावशी दर उन्हाळ्यात पाटी घेऊन बसायच्या, मी एकदा विचारलं मावशी ह्यातलं गोड कुठलं, तर त्यांनी एक करवंद अंगठ्यानं आणि बोटानं हलकं दाबलं, देठाच्या जागी दुधाचा बारका थेंब आला तर ते बाजूला टाकलं. दुसरं दाबलं, थेंब आला नाही, नुसता लाल रस, ते माझ्या हातावर ठेवलं. "चीक सरला की गोड." बास, एवढी बॉटनी मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती.

आणि हो, फोडण्याआधी कोंबडा का कोंबडी ते विचारल्याशिवाय करवंद खायचं नसतं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हरणाऱ्यानं पुढची मूठ तोडून आणायची.

करवंदाशिवाय आपल्या घाटात खाण्यासारखं काय काय मिळतं?

भरपूर, पण सगळं एका वेळी नाही.

फेब्रुवारी-मार्चला आंबगुळ, वर सांगितलं तेच, लाल-केशरी, लांबट, चांगलं आंबट, मीठ लावून मस्त लागतं. एप्रिल-मे ला तोरण, काटेरी झुडूप, फळं पांढरी, घोसानं, आत पिठूळ आणि बोरासारखी एक बी. गर नावालाच, पण पोरं अख्खी जाळी रिकामी करतात. त्याच सुमाराला अळू. भाजीचं अळू नव्हे हो, हे झाड आहे, काटे असतात, फळ तपकिरी-हिरवं, पिकलं की चिक्कूच्या जवळ जाणारी चव. हे शहरातल्यांना माहीत नसतं त्यामुळं "अळूचं फळ" म्हटलं की तोंडाकडं बघत बसतात. जांभळं पावसाच्या तोंडावर. अंजनीची बारकी काळी-जांभळी फळं पण पोरं खातात, पण अंजनीची खरी मजा फुलात आहे, आख्खी फांदी निळी होते, फुलं खोडाला चिकटून, महाबळेश्वरला गेला असाल तर बघितलं असणार.

वाघाटी मात्र कच्ची कुणी खात नाही, तिची भाजी करतात आणि ती आषाढी एकादशीचा उपास सोडायला बारशीला लागते, तेव्हा मंडईत भाव विचारू नका.

माकडं खातात, पक्षी खातात, मग आपल्याला काय होतंय?

होतंय. करूळ घाट उतरून वैभववाडीकडं गेला की काजऱ्याची झाडं लागतात. पान चकचकीत, बुडापासनं तीन-पाच शिरा वर गेलेल्या, आणि फळ बघाल तर गोल गरगरीत केशरी, लहान संत्र्यासारखं, उन्हातनं आलेल्या माणसाला तोडावंसंच वाटणार. धनेश पक्षी हे फळ खातो, वानरं पण आतला गर चाटतात. आत नाण्यासारख्या चपट्या बिया असतात, त्यांच्यात स्ट्रिक्नीन असतं, ते पोटात गेलं की माणसाला झटके येतात, अंग धनुष्यासारखं ताठतं, आणि श्वास बंद पडून माणूस जातो. पक्षी बी फोडत नाही, आख्खी टाकून देतो किंवा तशीच बाहेर काढतो, आपण दाढेखाली घेतो. माकडाचं पोट माकडाला ठाऊक.

नेटवर नियम दिलेले असतात ना, पांढरी फळं टाळा, चीक असला तर टाळा, तीन पानं असली तर टाळा?

ते नियम लिहिणाऱ्यानं करवंद बघितलेलं नसतं. चीक असला तर टाळायचं म्हटलं की करवंद गेलं, उंबर गेलं, फणस गेला, आंबा पण गेला. पांढरं टाळायचं तर तोरण गेलं. आणि तीन पानांचा नियम अमेरिकेतल्या एका खाज सुटणाऱ्या वेलासाठी आहे, आपल्याकडं पळसाला पानं तीनच, बेलाला पण तीनच, मग काय महादेवाला घालायचं बंद करायचं?

उलट बाजूनं बघा, ह्या नियमात बसणारं आपलं किती विषारी सुटतं. गुंजेच्या बीचा रंग सुंदर, चीक नाही, पानं चिंचेसारखी. मोगली एरंडाची बी तर चवीला शेंगदाण्यासारखी. "कडू असतं ते विषारी, गोड असतं ते चालतं" ह्यातला पहिला अर्धाच घ्या, कडू लागलं तर लगेच थुंका, पण गोड लागलं म्हणून गिळू नका.

लहान पोरं बरोबर असतात, सगळ्यात जास्त कशाला जपायचं?

मोगली एरंड, ह्यालाच काही ठिकाणी चंद्रज्योत म्हणतात. गावाकडं शेताच्या कुंपणाला हेच लावलेलं असतं कारण जनावर तोंड लावत नाही. महाराष्ट्रात शाळेच्या पोरांना विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात त्यातल्या बऱ्याच ह्याच बियांच्या.

मी स्वतः खाल्ल्यात. चौथीत असेन, आजोळी, आम्ही तीन भावंडं. आम्हाला ते झाड फुगे काढायचं झाड म्हणून माहीत होतं, देठ मोडायचा, चिकाचा पापुद्रा धरतो त्यातनं फुंकर मारायची, साबणासारखे फुगे निघतात. त्या दिवशी थोरल्या मामेभावानं काळं बोंड फोडलं, आतनं तीन काळ्या बिया, साल काढली की पांढरा गर, "शेंगदाणा हाय बघ". मी पाच-सहा खाल्ल्या असतील, चवीला खरंच चांगल्या. तास-दीड तासात घशात जाळ, मग उलट्या, मग पोट, तिघंही एकाच वेळी ओसरीवर आडवे. आजीनं काय खाल्लं विचारलं तर थोरला बोलायलाच तयार नाही, मार बसेल म्हणून. शेवटी माझ्या खिशातनं टरफलं निघाली त्यावरनं डॉक्टरला कळलं. सलाईन लावून दुसऱ्या दिवशी बरे झालो. म्हणून पोरांना आधी सांगा की खाल्लं असलं तरी मारणार नाही, नाव सांगा.

बाकी गुंज. सोनार पूर्वी ह्याच्यावर सोनं तोलायचे, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. टणक सालीमुळं आख्खी गिळलेली बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, पण चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली लई घातक, आणि त्रास लगेच दिसत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पण सुरू होतो, त्यामुळं "बरं आहे की पोरगं" म्हणून थांबू नका. पिवळ्या कण्हेरीची हिरवी तिकोनी फळं, म्हणजे बिट्टी, खेळायला चांगली, पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडवते. धोतऱ्याचं काटेरी बोंड, आतल्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. तोंड कोरडं पडतं, डोळ्यातल्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बडबडायला लागतो.

नुसता हात लावला तरी त्रास होतो अशी झाडं?

खाजकुइली पहिली. शेंगेवर सोनेरी मखमल असते, दिवाळीनंतर वाळते आणि वाऱ्यानं पण उडते. लागली तर खाजवू नका, चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि मग धुवा, कपडे बदला.

दुसरा बिब्बा. कामात बिब्बा घालणं हा शब्दच त्याच्यावरनं आलाय. काळ्या बीच्या सालीतलं तेल कातडीला लागलं की फोड येतात. मजा अशी की त्याच बीच्या डोक्यावरचा पिकलेला केशरी भाग जाणकार लोक सुकवून खातात, पण ते काम ज्याला येतं त्यानंच करावं.

कळलावीला हात लावला तर काही लगेच होत नाही, तिचा धोका कंदात आहे. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला पावसात चालत जाता तेव्हा कुंपणावर, जाळीत पिवळी-लाल ज्वाळेसारखी वर वळलेली फुलं दिसतात, पानाचं टोक वेलाच्या ताणासारखं गुंडाळलेलं, तीच. फोटो काढा, कंद उकरून रताळं समजू नका.

घाणेरीची काळी फळं आम्ही लहानपणी खायचो, आता विषारी का म्हणतात?

दोन्ही खरं. पूर्ण पिकलेली काळी फळं पिढ्यान् पिढ्या पोरांनी खाल्लीत, हिरवी मात्र विषारी, आणि जनावरानं पाला खाल्ला तर कावीळ होते, उन्हात कातडी सोलते. कामोणीचं पण तेच, पिकून काळी झालेली खातात, हिरवी नाही. पोराला हा फरक कळेलच असं नाही म्हणून मी माझ्या पोरीला दोन्हीला लांबच ठेवलंय, आमची आई म्हणते अतिच करतोस. असू दे.

ॲपवर भरवसा ठेवावा का?

नाव सुचवायला चांगली आहेत, खायची परवानगी द्यायला नाहीत. गूगल लेन्स फळाचा रंग-आकार बघून नेटवरचं सगळ्यात जवळचं चित्र आणतं, त्यामुळं आपलं आंबगुळ एकदा त्यानं गोजी बेरी म्हणून दाखवलं होतं. प्लांटनेट आणि आयनॅचरलिस्ट बरी, त्यात पान, फूल, फळ वेगवेगळे फोटो टाकता येतात आणि आयनॅचरलिस्टवर माहितगार माणसं येऊन चूक दुरुस्त करतात, पण त्याला तास लागतो नाहीतर आठवडा. दाजीपुरात रेंज पण नसते. फोटो काढा, घरी येऊन टाका, तोवर तोंड बंद.

मी ॲपनं दिलेलं नाव घेऊन उलटं शोधतो, म्हणजे त्या झाडाची पानं समोरासमोर असतात का, काटा असतो का, आपल्या भागात येतं का. एक जरी गोष्ट जुळली नाही तर नाव खोडलं.

पावसाळ्यात आळंबी दिसतात, त्याचं काय?

ह्या एकाच गोष्टीत मी कुणाचंच ऐकत नाही. वारुळावर उगवणारी आळंबी गावातली माणसं ओळखून काढतात, त्यांच्या हातची, त्यांच्या घरी शिजलेली असली तरच खातो. लसूण टाकून काळी पडली तर विषारी, चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, ह्या सगळ्या थापा आहेत. सगळ्यात घातक जातींचा त्रास सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा चालू होतो, तोवर यकृताचं काम लागलेलं असतं.

हिमाचल, उत्तराखंड किंवा परदेशात गेल्यावर आपलं ज्ञान चालतं का?

पद्धत चालते, नावं चालत नाहीत. उत्तराखंडात उन्हाळ्यात हिसालू मिळतं, पिवळं रासबेरीसारखं, पिकलं की देठावरनं टोपीसारखं पोकळ निघून येतं. काफल रस्त्यावर पानात घालून विकतात, मीठ लावून. विकत घेतलेलंच खा, तिथं आपण पाहुणे.

ज्यांची पोरं जर्मनीला, इंग्लंडला आहेत त्यांच्यासाठी एकच सांगतो, तिकडं वाटेला ब्लॅकबेरी फुकट लागते आणि लोक डबे भरून नेतात, ती बारक्या बारक्या दाण्यांचा गुच्छ असते. तिकडंच बेलाडोना नावाचं झाड आहे, त्याचं फळ एकसंध, काळं चकचकीत, खाली हिरवी पाच टोकांची चांदणी. ते धोतऱ्याच्याच कुळातलं आणि तेवढंच जहाल. एक गोटी का दाण्यांचा गुच्छ, एवढं तरी बघा.

अभयारण्यात तोडलं तर चालतं का?

नाही. राधानगरी १९५८ पासनं अभयारण्य आहे, २०१२ ला जागतिक वारशात पण गेलंय, तिथं परवानगीशिवाय फांदी, फूल, कंद काहीच न्यायचं नाही. मसाई पठारावर जाता तेव्हा पण ऑगस्ट-सप्टेंबरला फुलातनं लोळून रील काढू नका, सीतेची आसवं म्हणतात ती फुलं बोटाच्या पेराएवढी असतात, एका बुटाखाली पन्नास जातात.

चुकून खाल्लंच तर?

तोंडातलं थुंका, पाण्यानं चूळ भरा. बोट घालून उलटी काढायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही, तूप-दूध पाजून "उतारा" करायचा नाही. उरलेलं फळ, पान, फांदी पिशवीत घाला, किती आणि किती वाजता खाल्लं ते लिहा आणि निघा. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, त्यांचा टोल फ्री नंबर १८००-११६-११७, डॉक्टरला पण तो देऊन ठेवा. कोल्हापूर जवळ असलं तर सरळ सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना. त्रास नाही म्हणून घरी थांबू नका, गुंजेचं वर सांगितलंय.

नाव कुणाला विचारायचं?

पहिली, त्या वाटंवर जनावरं राखणारी नाहीतर लाकडाला आलेली बाई. पुरुषाला विचारलं तर तो न ओळखता पण नाव सांगतो, बाई "नाय बा ठावं" म्हणते, आणि ते ऐकलं की फळ खाली टाकायचं. विचारताना "हे खातात का?" असं विचारू नका, समोरचा मान डोलावतो. "हे तुमच्यात कसं खातात, कधी खातात?" असं विचारा. मिठाबरोबर, भाजून, पाऊस पडायच्या आत, असं काहीतरी नेमकं उत्तर आलं तर तिनं खाल्लेलं असतं.

दुसरं, शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग. त्यांच्याकडनं कोल्हापूर जिल्ह्यातल्या झाडांचं जाडजूड पुस्तक २००२ ला निघालंय. नीट फोटो आणि वाळवलेली फांदी असली तर तिथली माणसं नाव सांगतात. फक्त कुस्करलेलं फळ टिश्यूत गुंडाळून नेऊ नका.

करवंदं खाऊन ओठाला चीक चिकटलाय, निघत नाही.

पाण्यानं निघणार नाही, घासू नका. खोबरेल तेल लावा, पाच मिनिटं थांबा, कापसानं पुसा. आणि पुढच्या वेळी आधी दाबून बघा, मावशीनं सांगितल्यासारखं.